स्वमग्न बालक आणि वर्तनोपचार : कुटुंबाने कोणती अपेक्षा धरावी?

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



संस्थेची पन्नास वर्षे मोजताना वास्तू, निधी आणि उत्सव यांची नोंद सहज होते. ज्या घरातील दुःख उंबरठ्याबाहेर कधी आलेच नाही, त्याची नोंद मात्र कोणत्याच अहवालात सापडत नाही. लग्नकार्यात सारे कुटुंब मांडवात असते आणि घरातील एक बालक आजीसोबत आतल्या खोलीत ठेवलेले असते. ते नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, वाजंत्री वाजली की कान घट्ट दाबून घेते, पाहुण्यांसमोर एकाच जागी गोल फिरत राहते. 'मुलाला जरा बरे नाही' एवढ्या उत्तरावर विषय मिटविला जातो. अशा कुटुंबाला वर्तनोपचाराचे नाव प्रथम कानी पडते, तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो : 'मूल बरे होईल का?' या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मांडणे, हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

स्वमग्नता : दोष कोणाचाही नाही

'ऑटिझम' या संज्ञेसाठी मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सुबक असला, तरी त्यातून मूल जाणूनबुजून स्वतःतच रमलेले आहे असा समज होतो. वस्तुतः यांतील कितीतरी मुलांना माणसांचा सहवास हवा असतो. त्याच्याकडे जाण्याची वाट तेवढी त्यांना सापडत नाही. हा रोग नसून मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपण आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेथून या विषयाचा वैद्यकीय अभ्यास सुरू झाला. पुढील वीस वर्षे दोषाचे खापर मातांवर फोडले गेले. आईच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल असे झाले, असे मोठमोठे विद्वान सांगत होते. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली ग्रंथ लिहून ही समजूत खोडून काढली. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आजही एखाद्या घरी सुनेला विचारले जाते, की ग्रहणात बाहेर गेली होतीस का, मुलाकडे दुर्लक्ष केलेस का? विज्ञानाने साठ वर्षांपूर्वी निकालात काढलेला हा आरोप घरानेही निकालात काढावा. कर्मसिद्धांताचा उपयोग अशा प्रसंगी मातेला अपराधी ठरविण्यासाठी होऊ नये. तो समताभाव राखण्यासाठी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. हे वेगळेपण जात, धर्म वा आर्थिक स्थिती पाहून येत नाही. वर्षाचे मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षाचे होऊनही हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नसेल, अथवा आलेले शब्द पुन्हा हरपले असतील, तर 'याचे काकाही उशिरानेच बोलले' या दिलाशावर न विसंबता तपासणी करून घ्यावी.

वर्तनोपचाराचे मर्म

वर्तनोपचाराचा पाया साधा आहे. प्रत्येक वर्तनाच्या आधी काही घडते आणि नंतरही काही घडते. ज्या वर्तनातून मुलाला हवे ते मिळते, ते वर्तन टिकते.

दुकानाच्या मागेच राहत्या घराची कल्पना करावी. चार वर्षांच्या मुलाला फळीवरचा बिस्किटाचा पुडा हवा आहे. त्याला शब्द येत नाही, बोट दाखविता येत नाही. तो भिंतीवर डोके आपटतो. आई धावते, पाणी, खेळणे, दूध असे एकेक देऊन पाहते आणि अखेर बिस्किट देते. मूल शांत होते. आईच्या दृष्टीने संकट टळले. मुलाच्या दृष्टीने एक नियम सिद्ध झाला, की डोके आपटले म्हणजे बिस्किट मिळते. हा हट्ट नव्हे. शब्दांवाचून केलेली ती मागणीच आहे.

उपचारक येथे मुलाला दुसरी मागणी शिकवितो : बिस्किटाचे चित्र असलेली चिठ्ठी हातात देणे, हात पुढे करणे किंवा 'दे' म्हणणे. चिठ्ठी दिली की बिस्किट तत्क्षणी मिळते आणि डोके आपटण्याची गरज हळूहळू उरत नाही. त्रासदायक वर्तनाऐवजी त्याच हेतूची संवादरीत शिकविण्याची ही पद्धत कार आणि ड्युरंड या संशोधकांनी १९८५ साली अभ्यासाने मांडली. आजही ती या शास्त्रातील भक्कम साधनांपैकी एक आहे. चित्रे वापरल्याने मूल बोलणार नाही अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. चित्रांमुळे वाचेची वाट अडत नाही.

दुसरे साधन म्हणजे मोठ्या कामाचे लहान तुकडे करणे. हात धुणे हे एक काम दिसते. परंतु बाह्या वर करणे, नळ उघडणे, हात ओले करणे, साबण घेणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे अशी त्याची आठ पावले होतात. प्रथम हात धरून, मग केवळ मनगटाला स्पर्श करून, मग खुणेने आणि शेवटी काहीच मदत न करता एकेक पाऊल शिकविले जाते. कोणते पाऊल कोणत्या दिवशी किती मदतीने जमले, याची रोज नोंद ठेवली जाते. पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ लिहीत आलेल्या घरांना ही शिस्त अपरिचित नाही. नोंदीवाचून चाललेला वर्तनोपचार हा हिशेबावाचून चाललेल्या व्यापारासारखाच समजावा.

पुरावा काय सांगतो?

अमेरिकेतील इव्हार लोवास यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९ लहान मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास, दोन वा अधिक वर्षे उपचार देण्यात आले. त्यांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत, सर्वसाधारण बुद्ध्यंकासह टिकली, असा त्यांचा निष्कर्ष होता. 'निम्मी मुले बरी होतात' ही जगभर पसरलेली आशा या एका छोट्या अभ्यासातून उगम पावली. परंतु मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून, निःपक्षपातीपणे झालेली नव्हती, आणि नंतरच्या संशोधकांना तेवढे यश पुन्हा मिळाले नाही. त्या काळच्या पद्धतीत मुलावर ओरडणे व प्रसंगी चापट मारणेही अंतर्भूत होते. या शिक्षा पुढे त्याज्य ठरल्या. अहिंसेचा संस्कार असलेल्या समाजाने तर हे पक्के ध्यानी ठेवावे, की मुलाला मारणारा, कोंडणारा वा उपाशी ठेवून शिकविणारा उपचार हा उपचारच नव्हे.

कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१८ सालच्या समीक्षेत लहान वयातील सघन वर्तनोपचाराचे पाच अभ्यास, एकूण २१९ मुले, एकत्र तपासली गेली. दैनंदिन जीवनकौशल्ये, बुद्ध्यंक व भाषा यांत काही सुधारणा आढळली. स्वमग्नतेची लक्षणे मात्र लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे दिसले नाही आणि पुराव्याचा दर्जाही दुबळा ठरला. येथून कुटुंबाच्या अपेक्षेला दिशा मिळते. मुलाला अधिक गोष्टी करता येतील, मनातले अधिक सांगता येईल, ही आशा रास्त आहे. स्वमग्नता नाहीशी होईल, ही आशा पुराव्याला धरून नाही.

काय अपेक्षावे, काय अपेक्षू नये?

काही महिन्यांच्या नियमित प्रयत्नांनंतर मुलाने हवे-नको सांगण्याची एखादी खात्रीची रीत आत्मसात करावी, ही पहिली अपेक्षा. शौच, स्नान, जेवण, कपडे यांत पावलापावलाने स्वावलंबन यावे, ही दुसरी. स्वतःला वा इतरांना इजा करणारे वर्तन कमी व्हावे, ही तिसरी. थोडा वेळ वाट पाहणे, पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्यासोबत एखादा खेळ खेळणे, ही चौथी. या अपेक्षा लहान वाटतील. परंतु वीस वर्षांच्या तरुणाला स्वतःचे स्नान स्वतः करता येणे आणि न येणे यांत त्याच्या व त्याच्या मातेच्या आयुष्याचा केवढा फरक सामावला आहे, हे ज्या घरात घडते तेच जाणते.

प्रत्येक मूल बोलेल असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. स्वमग्न मुलांपैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा फारच थोडे शब्द वापरतो. दुसऱ्या बाजूने, वयाच्या पाच वर्षांनंतरही वाक्ये बोलू लागलेली मुले आहेत. म्हणून आशेचे दार विशिष्ट वर्षी बंद होते असेही नाही. हात फडफडविणे, डबे रांगेत लावणे, एकच गाणे पुनःपुन्हा ऐकणे हे ज्याला त्रास देत नाही, ते मोडून काढण्याचा अट्टहास धरू नये. स्वमग्न प्रौढ व्यक्तींनी आता स्वतःचे अनुभव लिहिण्यास प्रारंभ केला आहे. बालपणी केवळ इतरांसारखे दिसावे यासाठी शिकविले गेल्याचा ताण त्यांपैकी अनेकांनी नोंदविला आहे. त्यांचे म्हणणे आदराने ऐकणे योग्य.

उपचाराच्या आरंभी वर्तन काही दिवस वाढते, हेही आधीच माहीत असावे. रडून बिस्किट मिळेनासे झाले की मूल प्रथम अधिक जोराने रडते. तीन दिवस आईने धीर धरला आणि चौथ्या दिवशी आजोबांनी करुणेपोटी पुडा हाती दिला, तर मूल एवढेच शिकते की आता चार दिवस रडावे लागते. एकत्र कुटुंबाचे बळ मोठे. मात्र या कामी आजी-आजोबा, काका-काकू, दुकानातील नोकर या सर्वांचा नियम एकच असला पाहिजे. उपचारकाकडील बैठकीस केवळ आईने नव्हे, घरातील कर्त्या पुरुषानेही बसावे.

गोव्यातील धडा

गोंदिया जिल्ह्यातील पालकांची पहिली अडचण अंतराची आहे. सालेकसा, देवरी वा अर्जुनी मोरगावहून गोंदियाला यावयाचे आणि तेथून सुमारे १३० किलोमीटरवरील नागपूरची गाडी धरावयाची. आठवड्याला ४० तासांचा उपचार येथे कोणाला परवडणार? या प्रश्नाचे एक उत्तर मराठी मुलखाच्या शेजारीच, गोव्यात शोधले गेले.

'संगत' ही गोव्यातील सेवाभावी संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात कार्य करते. डॉ. गौरी दिवाण व त्यांचे सहकारी आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधक यांनी इंग्लंडमधील एका पद्धतीला दक्षिण आशियातील घरांस अनुरूप रूप दिले. दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांवर त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात २०१६ साली प्रसिद्ध झाले. उपचार देणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. प्रशिक्षित केलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते होते. कार्यकर्ता घरी येई, आई वा वडील मुलासोबत खेळत असताना चित्रफीत घेई आणि मग पालकांसह ती पाही. मुलाने कोठे नजर टाकली, कोणता आवाज काढला, आईने त्याला कसा प्रतिसाद दिला, हे क्षण थांबवून दाखविले जात. सहा महिन्यांत अशा बारा बैठका झाल्या आणि रोज अर्धा तास घरी सराव ठरला.

पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून पालकांशी अधिक संवाद सुरू करू लागली, असे दिसून आले. मर्यादाही प्रामाणिकपणे नोंदविली गेली. एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून लक्ष देण्याचा काळ वाढला नाही, उलट घटला. ही पद्धत काटेकोर अर्थाने बक्षिसावर आधारलेला वर्तनोपचार नव्हे. तिचा भर पालक-बालक संवादावर आहे. तथापि दूरच्या तालुक्यातील कुटुंबासाठी तिच्यातील बोध मोलाचा आहे. तज्ज्ञाची भेट महिन्यातून एकदाच झाली, तरी घरातील रोजचा अर्धा तास वाया जात नाही.

गोंदियाच्या घरांसाठी काही विशेष

येथील एकाच घरात मारवाडी किंवा गुजराती, अंगणात हिंदी, शाळेत मराठी आणि कामाला येणाऱ्या मावशींच्या तोंडी पोवारी ऐकू येते. मूल बोलत नाही असे दिसताच 'घरची भाषा सोडा, एकच भाषा बोला' असा सल्ला पुष्कळदा मिळतो. अनेक भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलांची भाषा अधिक मागे पडते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. आजीची भाषा तोडली तर मुलाचे आजीशी असलेले नाते मात्र तुटते. म्हणून ज्या भाषेत माया सहज व्यक्त होते, तीच बोलावी.

उपचारात खाऊचे बक्षीस वापरले जात असल्यास घरचे आहाराचे नियम उपचारकाला आधीच सांगावेत. बटाट्याच्या कापांऐवजी लाह्या, मुरमुरे, खाकरा वा मनुका चालतात. खाऊच हवा असेही नाही. काही मुलांना फिरणारा भोवरा अथवा मिनिटभर झोका अधिक प्रिय असतो. मंदिरातील घंटानाद किंवा उत्सवातील ध्वनिक्षेपक असह्य होत असेल, तर गर्दी नसलेल्या वेळी पाच मिनिटांच्या दर्शनाने आरंभ करावा आणि मूल शांत असतानाच बाहेर पडावे. हळूहळू वेळ वाढविता येतो.

सर्वांत गंभीर सूचना पाण्याविषयी आहे. गोंदिया हा तलावांचा व बोड्यांचा जिल्हा. कित्येक स्वमग्न मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते, कोणाला न सांगता घराबाहेर निघून जाण्याची सवय असते आणि धोक्याची जाणीव नसते. भटकून जाणाऱ्या अशा मुलांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण बुडणे हे असल्याचे परदेशातील नोंदींवरून दिसते. दाराला वरची कडी, गळ्यात वा मनगटावर नाव व दूरध्वनी क्रमांक, शेजाऱ्यांना पूर्वकल्पना आणि शक्य तेव्हा पोहण्याचे शिक्षण, एवढी व्यवस्था अवश्य करावी. 'थांब' या एका शब्दावर थांबणे, हे कौशल्य अक्षरओळखीच्या आधी शिकवावे.

उपचारक निवडताना

भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? उद्दिष्टे कोणती व त्यांची नोंद कशी ठेवली जाते? पालकांना सत्र पाहता येते का? शिक्षा दिली जाते का? तीन महिन्यांत प्रगती न दिसल्यास योजना बदलली जाते का? हे पाच प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. दार लावून घेऊन पालकांना बाहेर बसविणाऱ्या आणि नोंदवही न दाखविणाऱ्या ठिकाणी सावध राहावे.

'शंभर टक्के बरे करू' असे म्हणणाऱ्यापासून दूरच राहणे हिताचे. मूलपेशींच्या उपचारासाठी जमीन वा दागिने विकण्याची वेळ कुटुंबांवर येऊ नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा आजारांत मूलपेशींचा वापर केवळ रीतसर संशोधन-चाचणीतच करता येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळानेही २०२२ साली स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस नाकारली. लसीकरणाने स्वमग्नता येते, ही अफवाही अशीच. ती पसरविणारा १९९८ सालचा शोधनिबंध अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता आणि २०१० साली तो मागे घेण्यात आला.

शासनाचा आधार

२०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. स्वमग्नतेचे मूल्यमापन ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनश्रेणीवर होते आणि त्यावरून प्रमाणपत्र मिळते. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकाला जवळच्या शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत तपासणी करतात आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवरील केंद्राची तरतूद या कार्यक्रमात आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण असून नियमित उपचारसत्रांचाही त्यात विचार केलेला आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर, गरज असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळविता येते. प्रमाणपत्र घेतल्याने घराला कलंक लागतो, ही समजूत मुलाचे हक्क हिरावते.

समाजाचे कर्तव्य

माता-पित्यांच्या मनात रात्री जागा ठेवणारा प्रश्न निराळाच असतो : 'आमच्यानंतर याचे कोण?' कोणताही वर्तनोपचार एकट्याने या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. उपचार मुलाला स्वतःचे ताट वाढून घ्यावयास शिकवील. पंगतीत त्याच्यासाठी जागा समाजालाच ठेवावी लागेल. भावाच्या स्वमग्नतेमुळे बहिणीचे स्थळ नाकारले जाऊ नये. पाठशाळेत एका मुलाला टाळ्यांच्या आवाजाचा त्रास होत असेल, तर टाळ्यांऐवजी हात वर करून कौतुक करता येते. समारंभाच्या स्थळी एक शांत खोली राखून ठेवणे हे फार खर्चाचे काम नाही. आठवड्यातून दोन तास शेजारच्या भगिनीने मुलाजवळ बसावे, म्हणजे त्या मातेला प्रवचनास येता येईल, थोडी झोप घेता येईल.

'परस्परोपग्रहो जीवानाम्' हे तत्त्व समाजाच्या प्रतीकचिन्हावरच अंकित आहे. जीवांनी परस्परांना साहाय्य करावयाचे, तर जो जीव शब्दांवाचून मागतो, त्याची मागणी ओळखणे हे त्या साहाय्याचे पहिले पाऊल आहे. संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांच्या संकल्पांत आतल्या खोलीतील त्या बालकाचाही समावेश व्हावा, आणि पुढच्या लग्नकार्यात ते आपल्या आजीचे बोट धरून, कानांवर हात ठेवून का होईना, मांडवाच्या एका कडेला बसलेले दिसावे.

जय जिनेंद्र!